ढावल्यातली नावं

संगीता — संपूर्ण कायदेशीर नाव.

जमनी — तांबड्याचं डावं शिंग मोडलेलं होतं.

संगीता — पत्ता, पिनकोडसकट.

जमनी — थोरल्याचं नाव म्या घेतलंच नाई.

संगीता — "वरील माहिती खोटी निघाल्यास होणाऱ्या परिणामांची मला जाणीव आहे."

जमनी — दूध उतू जाऊन राह्यलं, पाय.

संगीता — दादी, थांब ना जरा. कायद्याचा फॉर्म भरून राह्यली मी.

जमनी — भर ना. कायदा का दूध पेते?

संगीता — तुले समजलं का काय झालं ते? तू गायलेला ढावलो मी चॅनेलवर तीनदा टाकला होता. एक पुरा, दोन तुकडे. सायटीनं तिन्ही काढून टाकले. मुंबईच्या एका कंपनीनं लिहून देल्लं का हे आमचं गाणं होय, या पोरीनं चोरलं. तीन तक्रारी झाल्या का पुरं चॅनेलच उडते. सात दिवसांत.

जमनी — पुरं म्हंजे? होळीच्या लेंगी पण?

संगीता — साऱ्या तांड्याचं. एकशे बारा गाणे. जुना फोन विहिरीत पडला, आता दुसरीकडं कुठीच नाई ते.

जमनी — मंग सांग त्यायले, आमचं होय म्हून.

संगीता — तेच तर भरून राह्यली. पण हे धाडलं का माहं नाव-पत्ता कंपनीले जाते. त्यायनं दहा दिवसांत केस टाकली तर कोर्टात जा लागते. नाई टाकली तर व्हिडिओ वापस.

जमनी — कोर्ट कुठी? दारव्ह्याले?

संगीता — त्यायच्या मनात आलं तर मुंबईले. संजूकाका म्हणते, नोको भानगडीत पडू. माफी मांग, हे तीन सोड, बाकीचे वाचव.

जमनी — संजयले म्हणा, तू पऱ्हाटी फवार. मी माह्या बापाच्या नावाची माफी कायले मांगू?

संगीता — बापाचं काय आलं याच्यात?

जमनी — ढावलो म्हंजे काय असते, माहीत हाय का तुले? का नुसता फोनच धरत होती?

संगीता — नवरी सासरी जाताना गळ्यात पडून, रडत रडत म्हणते ते.

जमनी — कोणाचं नाव घेऊन रडते?

संगीता — आपल्या बापाचं. भावायचं.

जमनी — अन् गोठ्यातल्या बैलाचं. चाल साऱ्यायची, नावं ज्याचे त्याचे. दुसरीचा ढावलो कोणी उचलत नाई, बाई. दुसरीच्या बापासाठी कोण रडन? लाव त्या कंपनीवाल्या बाईचं गाणं.

संगीता — आयकलं मी. लय बासरी टाकली त्याच्यात.

जमनी — बासरी सोड. नावं आयक.

(संगीतानं ते गाणं तीनदा ऐकलं. मग दुधाचं भांडं तसंच करपू देऊन तिनं फॉर्म पुरा केला, आणि खाली स्वतःचं नाव लिहिताना तिचा हात कुठंच अडला नाही. चौथ्या दिवशी दुपारी कंपनीतून फोन आला. तिनं तो खाटेवर, दादीच्या पुढ्यात ठेवला आणि आवाज मोठा केला.)

फोनवरचा माणूस — संगीताताई, मी कंपनीच्या कायदा विभागातून बोलतोय. थोडा गैरसमज होतोय आपला. चाल पारंपरिक आहे, हे आम्हालाही मान्य आहे. पण शब्द आमचे आहेत. आमच्या गीतकारानं रीतसर लिहून दिलेत.

संगीता — माही दादी बाजूले बसून हाय. तिले काही विचाराचं हाय.

फोनवरचा माणूस — हो, विचारा ना आजी.

जमनी — साहेब, गाण्याचा कागद हाय का समोर?

फोनवरचा माणूस — आहे.

जमनी — नवरी बाप कोणाले म्हणते?

फोनवरचा माणूस — एक मिनिट हं... किसनसिंग.

जमनी — तुमच्या गीतकाराच्या घरी किसनसिंग कोण?

फोनवरचा माणूस — नाही, ते... काल्पनिक नाव असणार.

जमनी — बरं. भाऊ किती?

फोनवरचा माणूस — दोन. उकंडा आणि फुलचंद.

जमनी — तीन होते. थोरला भांडून बसला, लग्नाले आला नाई, म्हून म्या त्याले गाण्यातून काढलं. तुमच्या गीतकाराचं काय भांडण होतं त्याच्यासंग?

फोनवरचा माणूस — आजी, असं आहे की...

जमनी — बैल कोणता?

फोनवरचा माणूस — तांबडा. डावं शिंग... मोडलेलं.

संगीता — साहेब, आमचा व्हिडिओ एकोणीस सालचा, तुमचं गाणं बावीसचं. तुमच्या माणसानं आमचा व्हिडिओ आयकून आयकून लिहून काढलं. खऱ्या माणसायचे नावं होत, हे बी त्याले समजलं नाई. किसनसिंगचा जुना सातबारा मी उत्तराले जोडला हाय, तिन्ही पोरांच्या नावासकट. टाका केस. मी येते मुंबईले.

फोनवरचा माणूस — केसपर्यंत जायची गरज नाही, ताई. आम्ही तिन्ही तक्रारी मागे घेतो.

जमनी — लेखी.

संगीता — लेखी. अन् तुमच्या गाण्याखाली शब्द म्हून दादीचं नाव. जमनी राठोड, बोरी अरबचा तांडा.

फोनवरचा माणूस — ते मला वरिष्ठांना विचारावं लागेल.

जमनी — विचार बेटा. आमी इथंच हावो. जेवला का?

फोनवरचा माणूस — नाही अजून.

जमनी — मंग जेवून घे. उपाशी माणसाले वरिष्ठ जास्त झापतेत.

संगीता — दादी, पाय. फोनवाला साहेब सोमवारी लेखी देतो म्हणत होता, आजच आलं. तिन्ही व्हिडिओ वापस. तक्रारी शून्य, चॅनेल जसंच्या तसं.

जमनी — अन् नाव?

संगीता — हे काय, त्यायच्या गाण्याखाली. पयल्याच ओळीत तू. गीतकाराचं पुसून टाकलं.

जमनी — बासरीवाल्याच्या नावाच्या वर का खाली?

संगीता — वर.

जमनी — मंग ठीक.

संगीता — संजूकाका साऱ्या बाजारात सांगत फिरून राह्यला, आमीच लढलो म्हून.

जमनी — फिरू दे. फवारा झाला का त्याचा?

संगीता — त्या साहेबानं आज एक विचारलं मले. म्हणे, लग्नाच्या दिवशीचा ढावलो आजीले एवढ्या वर्षांनी शब्दन्शब्द कसा आठवला?

जमनी — लग्नाच्या दिवशी माहा घसा बसला होता, एक शब्द निंघाला नाई. हा ढावलो म्या सहा वर्षांनी जुळवला, तुरीत निंदता निंदता.