कॅमेऱ्यावरचं पोतं

घर राखायला मी काय केलं ते ऐका, मग खुशाल नावं ठेवा. कराडच्या पुढं, गावाबाहेर आम्ही सुट्टीसाठी दोन खोल्या बांधल्या. राहायला मिरजेत, तिकडं जाणार महिन्यातून एकदा. म्हणून खिडक्यांना जाड गज, दाराला दोन कुलपं आणि चारी कोपऱ्यांना कॅमेरे बसवले. घरबसल्या सगळं मोबाइलवर दिसायचं.

एका सकाळी मागच्या कॅमेऱ्याचं चित्र काळं झालं. मला वाटलं, चोर शिरले. रजा टाकली आणि तडक तिथं गेलो. बघतो तर कॅमेऱ्यावर खताचं पोतं, सुतळीनं गच्च बांधलेलं. माझं डोकंच फिरलं.

"कुणी केलं हे?"

शेजारच्या सुमनकाकी कुंपणाशी आल्या. "मी बांधलंय. पोलिसात जायचं तर जावा."

"अहो काकी, घराच्या राखणीसाठी लावलाय तो."

"मग घराकडं तोंड करा की त्याचं. हिकडं आमची न्हाणी हाय. दोन्ही सुना पाक वैतागल्यात."

मी तावातावानं मोबाइल काढला, कालचं चित्र त्यांना दाखवायला. त्यात आमची भिंत वीतभर होती. बाकी सगळी त्यांची न्हाणी, वर छप्पर नसलेली. महिनाभर मी ते चित्र रोज बघत होतो, पण भिंतीपलीकडं माझं लक्षच गेलं नव्हतं.

मी मोबाइल खिशात टाकला. कॅमेरा काढायला शिडी त्यांच्याकडूनच मागितली. काकींनी ती धरली, पण राग गेला नव्हता.

"रिकाम्या घराची एवढी काळजी करताय," त्या खालून म्हणाल्या, "आमी तर हितं राहतोय."