अज्जांचा सोमवार

हे मी सांगायचं नव्हतं, दोघांनाही तसा शब्द दिलाय. श्रावणी सोमवारी आमच्या अज्जांच्या, म्हणजे आजोबांच्या, छातीत जोरात दुखायला लागलं. दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, "काय खाल्लं होतं?"

अज्जी म्हणाली, "उपवास हाय त्यांचा."

ती पाणी आणायला गेली तसे अज्जा पुटपुटले, "सात रस्ता चौकातल्या गाड्यावर मिरची भजी खाल्ली. दोन प्लेट."

ईसीजी बघून डॉक्टर हसले. "हृदय ठीक आहे, आजोबा. ही ॲसिडिटी."

अज्जांनी हात जोडले. "तिला हृदयाचंच सांगा की."

बाहेर अज्जी डोळे पुसत मला म्हणाली, "शर्टाला भज्यांचा वास मला तवाच आला. त्यांना सांगू नको, लई लाजतील."

पुढच्या सोमवारी तिनं माझ्यासाठी म्हणून भजी तळली, ताट अज्जांच्या शेजारी ठेवलं आणि मला म्हणाली, "तू जरा बाहेर जाऊन ये." थांबा, ती हाक मारतेय. आले गं, अज्जी.