पंजाबचा चौथा निरोप

(हायस्कुलातला निरोप समारंभ नुकताच आटोपला आहे. हेडमास्तरांची खोली. पंजाबच्या गळ्यात अजून हार आहे. त्याच्या वर्गातली कोकिळाही आहे.)

हेडमास्तर : ...आणि भाषण तर उत्तमच झालं. पाठांतर चोख होतं.

पंजाब : पाठांतर कायचं सर? चार वर्षं झाली, तेच भाषन हाये. 'जड अंतःकरणाने' म्हनलं की मागचे पोट्टे पुढचं वाक्य माह्या आधी म्हनून टाकतात.

कोकिळा : यंदा तुळशीराम शिपायानंही म्हटलं. अन् तुमच्यापेक्षा चांगलं म्हटलं, पंजाबभाऊ.

हेडमास्तर : कोकिळा, तू निघालीस तरी चालेल. मला पंजाबरावांशी जरा बोलायचं आहे.

पंजाब : पाह्य, 'राव' लागला! सर, वर्षभर तुम्ही मले 'गाढवा' म्हनता. 'पंजाबराव' म्हनले का मी समजतो, नापास व्हाची येळ आली.

हेडमास्तर : हळू. बाहेर मंडप सोडताहेत. लोक ऐकतील.

कोकिळा : लोकाईले माहीत आहे सर. आमच्या मळ्यातल्या बुजगावण्याले माहीत आहे. मी थांबते. माह्या बहिणीच्या शाळेची गोष्ट आहे ही.

हेडमास्तर : बरं, थांब. पंजाबराव, नियम तुम्हाला ठाऊक आहे. अकरावीच्या, म्हणजे मॅट्रिकच्या वर्गात पाच विद्यार्थी नसले तर वर्गाची मान्यता जाते. यंदा तुम्ही पाच होतात. दहावीतून वर येणारे चार आहेत. चारात एक मिळवला की...

पंजाब : तो एक मी.

हेडमास्तर : गणितात तू कच्चा नाहीस.

पंजाब : हावो सर. पहिल्या वर्षी तुम्ही म्हनले, पंजाब, तुह्या बापाची तीस एकर जमीन हाये, तुले नोकरीची घाई नाई, एक वरीस थांब. थांबलो. भूगोलाचा पेपर कोरा देल्ला. कोऱ्या पेपरासमोर तीन तास बसून पाह्यलं का तुम्ही कधी? पर्यवेक्षकानं दोनदा पानी देल्लं. त्याले वाटलं, पोराले झीट येऊन राह्यली.

हेडमास्तर : तुझा त्याग गाव विसरलेलं नाही. शाळा समितीनं कालच ठराव केला आहे. वाचतो. 'पंजाब उकंडराव यांनी सार्वजनिक हितास्तव याही वर्षी अनुत्तीर्ण व्हावे, अशी ही सभा त्यांना एकमताने विनंती करते. सूचक रंगराव पाटील. अनुमोदक भगवानराव.'

पंजाब : भगवानराव? माहा सासरा?

हेडमास्तर : त्यांनी तर दोन्ही हात वर केले.

कोकिळा : करतीलच ना! जावई शाळेत आहे तवरोक लेक गावात आहे. पास झाला तं उद्या नोकरीवर जाईन, लेकीले घेऊन.

पंजाब : म्हूनच बुढा दरवर्षी निकालाच्या दिवशी पुरनपोळी करून धाडते! मले वाटे, दुःखात खायले धाडते.

हेडमास्तर : पंजाबराव, आठवा जरा. या शाळेनं तुम्हाला काय नाही दिलं? तुम्ही या शाळेचे सर्वांत जुने विद्यार्थी. किती आठवणी असतील!

पंजाब : लय. चौथीत होतो तवा आपन मध्य प्रदेशात होतो. त्याच वर्षी मुंबई राज्यात गेलो. आठवीत आलो अन् महाराष्ट्र झाला. सरकार पटापटा वरच्या वर्गात गेलं सर, मीच माघं राह्यलो.

कोकिळा : अन् नकाशा अजून मध्य प्रदेशाचाच आहे. मुंबई तुम्ही खडूनं भिंतीवर काढली, सर. पावसाळ्यात ओल आली का समुद्र आपोआप दिसते.

हेडमास्तर : नव्या नकाशासाठी मी सात अर्ज केले आहेत.

पंजाब : अन् ते काचेची नळी! प्रयोगशाळेत एकच नळी. फुटन म्हून तुम्ही तिले कपाटात ठेवली. चार वर्षं तिच्यात काही ओतलं नाई. फक्त दसऱ्याले काढतो, हळदकुंकू वाहतो.

कोकिळा : तपासनीस आले तवा त्याहिनं ईचारलं, ही कशासाठी वापरता? तं इंद्रभान म्हणे, पूजेसाठी.

हेडमास्तर : त्या इंद्रभानला मी दोन दिवस वर्गाबाहेर उभं केलं.

पंजाब : त्याचे दोन दिवस, सर. माहे तीन वरीस झाले. आज फोटोवाला आलता चिखलीचा. सारे पोट्टे उभे केले अन् मले हात जोडून म्हने, सर, तुम्ही खुर्चीवर बसा. मी बसलो बी! मले ध्यानातच आलं नाई का हे आपल्याले म्हनून राह्यला. तुम्हीच उभे राह्यले, सर.

हेडमास्तर : खुर्च्या कमी होत्या. असो. तर मग यंदा... भूगोलच?

पंजाब : नाई.

हेडमास्तर : बरं, इतिहास. विषय तू निवड. माझा आग्रह नाही.

पंजाब : सर, यंदा मी सारे पेपर लिहिनार हाये.

हेडमास्तर : सारे? पंजाब, अरे वर्ग बंद होईल!

कोकिळा : पंजाबभाऊ, काऊन हो? एकच वर्ष. मी तेच सांगाले थांबली होती. मंजुळा दहावीत आहे. इथं अकरावी नसली तं आबा तिले चिखलीले धाडणार नाहीत. धाड गावच्या बाजारात वांग्याच्या पाटीवर बसवतील अन् पुढच्या वर्षी लगीन. एकच वर्ष, पंजाबभाऊ. तिच्यासाठी.

पंजाब : माघच्या वर्षी तुह्यासाठी. त्याच्या आधी इंद्रभानच्या भावासाठी. मी कोनाले नाई म्हनलं का आजवर?

कोकिळा : मग यंदाच काय झालं?

पंजाब : बेबीनं ईचारलं.

हेडमास्तर : तुझ्या बायकोनं? काय विचारलं?

पंजाब : भाकर थापता थापता ईचारलं. तशी ते सहज बोलली, काही टोमना नाई. म्हने, 'अवो, तुम्ही गावासाठी नापास होता हे तं सारेच म्हनतात. पन तुम्हाले येत होतं का?'

कोकिळा : मग?

पंजाब : मग काय? मले सांगताच येईना, कोकिळे. मी भूगोल कोरा देल्ला, पन बाकीच्या पेपरात किती पडले हे मी कधी पाह्यलंच नाई. गुनपत्रिका आली का 'नापास' वाचो अन् खिशात घालो. मले तं नापासच व्हाचं होतं ना! लोक हार घालत. मोठेपना वाटे. पन येत होतं का, सर? मले खरंच येत होतं का?

हेडमास्तर : तू... मन लावून अभ्यास केला असतास तर...

पंजाब : ते नका सांगू. त्या गुनपत्रिका तुमच्या हातून माह्याकडे आल्या. तुम्ही पाह्यल्या असतीन.

हेडमास्तर : पंजाब, मी हेडमास्तर आहे. वर्षाला चाळीस मुलांचे गुण पाहतो. सगळ्यांचे कसे लक्षात राहतील?

कोकिळा : तुम्हाले आठवीतल्या पोट्ट्याचे चाचणीचे गुण तोंडपाठ आहेत, सर.

हेडमास्तर : तू मध्ये बोलू नकोस.

पंजाब : राहू दे, कोकिळे. मले त्याहिच्या तोंडून आयकाचंही नाई. मले पेपरात पाहाचं हाये. एकदा. मग पस्तीस पडले तं पडले, नाई तं नाई. माही पोरगी दोन वर्षाची हाये. उद्या तिनं बी हेच ईचारलं तं तिले काय सांगू? का तुहा बाप लय हुशार व्हता, पन कोनी त्याले पास होऊ देल्लं नाई? अन् ते खोटं असलं तं?

कोकिळा : ...मग लिहा.

हेडमास्तर : कोकिळा! आणि मंजुळा?

कोकिळा : मंजुळाचं मी पाहीन. आबाशी भांडीन. घरी भांडलं तं ऐकत नाहीत, म्हणून बाजारात भांडीन, पाटीसमोर, गिऱ्हाईक उभं असताना. चार लोकांत त्याहिले 'हो' म्हणाव लागते. पंजाबभाऊ, तुम्ही नापास झाले म्हणून मी अकरावी शिकली. मी कधी बोलली नाही तुम्हाले. लाज वाटे. आता लिहा सारे पेपर. बीजगणिताचं तिसरं उदाहरण तेवढं पुन्हा करून पाहा, त्यात तुम्ही दरवेळेस चूक करता.

पंजाब : मुद्दाम नाई करत बरं ते.

कोकिळा : माहीत आहे मले.

हेडमास्तर : ठरवलंतच म्हणजे. ठीक आहे. रंगरावांना मी सांगेन. ठराव मी तसाही 'संकीर्ण'खाली घेतला होता.

कोकिळा : सर, वर्ग बंद झाला तं तुमचं काय?

हेडमास्तर : माझं काय असणार? अकरावी गेली की हायस्कूल राहत नाही. मिडल स्कूलला बाहेरचा हेडमास्तर कोण ठेवतो? सामान फार नाही माझं. एक ट्रंक. पुण्याकडे जायला मलकापुरास गाडी मिळते.

पंजाब : सर, मले हे कोनी सांगतलं नाई.

हेडमास्तर : सांगितलं असतं तर तू चौथ्यांदा नापास झाला असतास. तुझी सवय मला माहीत आहे. जा आता. परवापासून पेपर, उद्या पहाटेची एस.टी. धर. चिखलीला पोचलास की केंद्र पाहून ठेव.

पंजाब : केंद्र कायचं पाहू? माहा बाक ठरेल हाये तिथं. सर, एक काम करान का?

हेडमास्तर : बोल.

पंजाब : एक चिठ्ठी द्या. का तुम्ही मले नापास व्हाले सांगतलं म्हून.

हेडमास्तर : लेखी? आणि आत्ता? अरे, आत्ता तर तू पास व्हायला निघालास!

पंजाब : हावो. मनापासून लिहीन सर, देवाशप्पथ. पन मनापासून लिहून नापास झालो तं? इतके वर्षं मी गावासाठी नापास व्हतो. यंदा माह्यासाठी व्हईन. गावात कोन्या तोंडानं फिरू? चिठ्ठी खिशात असली तं बरं वाटते.

कोकिळा : द्या सर. कोणाले दाखवणार नाहीत ते.

पंजाब : बेबीले तेवढी दाखवीन.

हेडमास्तर : ...बघ, असं लिहिलंय. 'चि. पंजाब यास, गतवर्षीप्रमाणे यंदाही अनुत्तीर्ण व्हावे, ही विनंती. मुख्याध्यापक.' चालेल?

पंजाब : खाली 'आशीर्वाद' लिहा.

हेडमास्तर : आशीर्वाद कसला? नापास होण्याला?

पंजाब : मोठ्या मानसाच्या चिठ्ठीत असते, सर.

हेडमास्तर : घे. लिहिला. आणि समजा, पास झालास, तर?

पंजाब : तं मग तुमचं आयकलं नाई म्हून माफी मागाले येईन. निकाल लागला का त्याच दिवशी, या खोलीत.

हेडमास्तर : आण तो कागद इकडे. मागच्या बाजूला माझा पुण्याचा पत्ता लिहून देतो.