अठरा टोपल्या आणि स्कूटरची चावी

...आणि वर याला खेळ म्हणतात! खेळ! अहो, तुम्हाला सांगतो, खेळात समोर कोणीतरी असावं लागतं. आपण टाकायचं, त्यानं झेलायचं, नाही झेललं तर त्यानं धावत जाऊन आणायचं, आणि तोवर आपण कमरेवर हात ठेवून त्याला खदाखदा हसायचं. लहानपणापासून मी एवढाच खेळ ओळखतो. आणि हे काय? हातात एक प्लॅस्टिकची तबकडी, जेवणाच्या ताटाहून लहान, ती झाडीत भिरकवायची, मग काट्याकुट्यांतून, दगडधोंड्यांतून धापा टाकत तिच्यामागे जायचं, सापडली तर तिथूनच पुन्हा भिरकवायची... असं करत करत ती एका लोखंडी टोपलीत पाडायची. टोपलीच्या वर साखळ्या लोंबतात, त्यांना आपटून तबकडी खाली पडते, छन्न असा आवाज होतो, झालं! पुढच्या टोपलीकडे चला. अशा अठरा टोपल्या. अख्ख्या डोंगरावर! आणि समोर गडी नाहीच. स्वतःच टाकायचं आणि स्वतःच आणायला जायचं!

याला डिस्क गोल्फ म्हणतात. कोणी सांगितलं? जावयानं. आमचा जावई डोळ्यांचा डॉक्टर आहे. आठवडाभर लोकांना भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतो आणि रविवारी स्वतः झुडपात तोंड घालून तबकड्या शोधतो. म्हटलं शोधू दे बापडा, आपलं काय जातंय? पण गेलं ना! माझी स्कूटर गेली!

म्हणजे पूर्ण गेली नाही, जायच्या बेतात होती. झालं असं की, आमच्याच गेटाच्या खांबाशी स्कूटरनं जरा जवळीक केली. जरा! खांब उभा, मी उभा, स्कूटर तेवढी आडवी. पण आमच्या हिनं स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं आणि बाहेर येऊन, मला लागलं का, दुखलं का, काही न विचारता, आधी चावी काढून घेतली. म्हणाली, "एकाहत्तर झाली. पुरे आता."

तुम्हाला सांगतो, त्या स्कूटरवर मी चाळीस वर्षं पेपर टाकलेत. शाळेनं मला चौथीत सोडलं, बाकीचं वाचायला मी पेपरच्या मथळ्यांवर शिकलो, त्यामुळे मला अजून सगळं मोठ्या अक्षरात कळतं, बारीक अक्षरात काय लिहिलंय ते विचारू नका. पण टाकायला? चालत्या गाडीवरून, गुंडाळी करून, मनगटाला असा एक झटका दिला की तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीत! कुंडीला धक्का नाही, दोरीवरच्या कपड्यांना स्पर्श नाही. एका वकिलाच्या बशीत पडला होता एकदा, पण ते मुद्दाम, तो माणूस मला रोज "उशीर झाला" म्हणायचा. तर अशी ती स्कूटर. चावी गेली म्हणजे मी म्हातारा. तोवर मी नुसता वयानं मोठा होतो, त्यात फरक आहे!

तीन दिवस भांडलो. चौथ्या दिवशी ही म्हणाली, "बरं. जावईबापू जातात ना त्या डोंगरावर, तिथं जा. अठराच्या अठरा टोपल्या करून या. स्वतःच्या पायांनी. एक जरी गाळली तर चावी कायमची माझी." तिचा हिशेब सरळ होता, तिसऱ्या टोपलीला हा माणूस बसकण मारणार. मी म्हटलं, "केल्या समज." जावई म्हणाला, "बाबा, चढ फार आहे हो..." मी म्हटलं, "जावईबापू, तुम्ही डोळे बघा, गुडघे माझे आहेत."

गेलो. पायथ्याशी एक बाई बसलेली, शाळेतनं निवृत्त झालेल्या मास्तरीण, गळ्यात शिट्टी, हातात नियमांचं पुस्तक. मी लगेच बारसं केलं, नियमबाई. ही पण बरोबर आलेली, ती त्यांना म्हणाली, "यांच्याबरोबर राहा बाई, हे लबाडी करतात." लग्नाला सेहेचाळीस वर्षं झाली आणि ओळख अशी करून देते! मग स्वतः गेली अठराव्या टोपलीशेजारी, कारण ती अगदी खाली, रस्त्याला लागून आहे. तिथं घडीची खुर्ची टाकली, थर्मास काढला, लोकर काढली आणि विणत बसली. पर्समध्ये चावी.

पहिली टोपली. माझ्या पेपरच्या जुन्या झोळीत सहा तबकड्या. एक काढली, मनगटाला झटका दिला, आणि काय गेली म्हणता! जावई "वा!" म्हणाला. मी वळलो आणि चालू लागलो.

"बाबा, कुठे निघालात?"

"दुसऱ्या टोपलीकडे."

"पण पहिली तबकडी कुठे पडली ते बघितलंत का?"

"मी कशाला बघू? ज्याची त्यानं उचलावी!"

हसताय काय? चाळीस वर्षांची सवय आहे! पेपर टाकला की मागे बघायचं नाही, बघत बसलो तर पुढचे दोनशे कोण टाकणार? हात सुटला की मान आपोआप दुसरीकडे वळते, मी काय करू? नियमबाई पुस्तकातनं मान वर काढून म्हणाल्या, "आजोबा, इथं स्वतः टाकलेली तबकडी स्वतः शोधायची असते." त्या बाई माझ्याहून दोन वर्षांनी लहान असतील. आजोबा म्हणे!

शोधली. सापडली ओढ्याच्या पलीकडे. शोधताना मला ओढ्याकाठी गोटे दिसले, गुळगुळीत, मुठीएवढे, आणि तुम्हाला सांगतो, इतके देखणे गोटे बघून माझ्यासारख्या माणसाच्या मनात एकच विचार येतो. जावई वाकून बुटाची नाडी बांधत होता. त्याची सॅक शेजारी पडलेली. पाच गोटे घातले आत, वर त्याचाच रेनकोट पसरला. म्हटलं, बसा आता डॉक्टर, वाहत!

दुसऱ्या टोपलीला तो खांदे हलवायला लागला. तिसरीला पट्टे घट्ट केले. मला आतून गुदगुल्या! मी मुद्दाम विचारतो, "काय जावईबापू, दमलात? आत्ताशी तिसरी!" तो बिचारा हसतो. चौथीचा चढ मात्र असा उभा होता की माझीच जीभ बाहेर आली. झाडाला धरून उभा राहिलो. आणि त्या भल्या माणसानं काय केलं? म्हणाला, "बाबा, तुमची झोळी एका खांद्यावर आहे, पाठ धरेल. तुम्ही माझी सॅक घ्या. जरा जड आहे, पण दोन्ही खांद्यांवर भार वाटला जातो, कळत नाही."

नको म्हणावं तर का नको? आणि त्यानं तोवर ती माझ्या पाठीवर चढवलीसुद्धा! पुढून पट्टा लावला, टक्. म्हणाला, "आता मी तुमच्या मागेच राहतो. तोल गेला तर धरायला." मागे! म्हणजे गोटे काढून फेकायची सोय नाही. एकदा लघवीच्या निमित्तानं झुडपामागे गेलो, पट्टा सोडणार तेवढ्यात शिट्टी. "आजोबा! डोंगरावर काही टाकायचं नाही, डोंगरावरनं काही न्यायचंही नाही! पान नाही, दगड नाही!" म्हटलं, "बाई, मी फक्त..." "दगड जिथला तिथंच राहिला पाहिजे!" मी पट्ट्यावरचा हात काढला. स्वतःच टाकलेलं आणि स्वतःच वाहायचं!

पण थांबलो नाही, बरं का. जावई सातव्या टोपलीला म्हणाला, "बाबा, इथनं एक सोपी वाट खाली उतरते..." मी म्हटलं, "तुम्ही उतरा." नववीला एक तबकडी झाडाच्या शेंड्यात अडकली आणि तिथंच राहिली. अकरावीला एक दरीत गेली, इतकी खोल गेली की पडल्याचा आवाज पण आला नाही. तेरावीला तर अठ्ठावीस वेळा टाकली! नियमबाई मोजत होत्या, "सव्वीस... सत्तावीस..." म्हटलं, "बाई, मनात मोजा की!" पण पडली शेवटी, छन्न! गुडघ्यातनं निराळाच आवाज येत होता, दाराच्या बिजागरीसारखा. सॅकमधले गोटे पाठीला टोचत होते, आणि प्रत्येक टोचणीला मला माझीच अक्कल आठवत होती. तरी एकही टोपली गाळली नाही. दर वेळी टाकायचो, मान वळायची, मागनं जावई ओरडायचा, "डावीकडे, बाबा! वाकड्या झाडाखाली!" डोळ्यांचा डॉक्टर शेवटी कामाला आला.

अठरावी. एका सुळक्यावर उभे राहिलो. खाली घळ, घळीच्या पलीकडे टोपली, शेजारी खुर्चीत आमची ही, मुंगीएवढी, विणतेय. बाकीच्या वाटेत हरवत हरवत झोळीत तबकडी उरली एक. एकच! जावयाच्या स्वतःच्या तबकड्या सॅकमध्ये, पण त्या घ्यायच्या तर पाठीवरची सॅक उघडणार, आणि सॅक उघडली की... समजलं ना?

जावई म्हणाला, "बाबा, एका झटक्यात नको. आधी मधल्या सपाटीवर टाका, मग तिथनं दुसरी. घळीत गेली तर संपलं." नियमबाई म्हणाल्या, "बरोबर आहे." मी खाली बघितलं. आणि तुम्हाला सांगतो, मला टोपली दिसलीच नाही. मला तिसरा मजला दिसला. गॅलरी दिसली. मी मनातल्या मनात स्कूटर दुसऱ्या गियरमध्ये घातली... आणि झटका!

आणि वळलो. सवय! सगळ्या जगानं बघितलं, मी एकट्यानं नाही. माझ्यासमोर नियमबाईंचं तोंड, हळूहळू उघडत जाणारं. मग खालून आवाज. छन्न नाही. टण्ण.

आणि मग घळीतनं घुमत हिचा आवाज, "अहोऽऽ! टोपलीच्या डोक्यावर बसलीऽऽ!"

टोपलीला वर लोखंडी झाकण असतं, साखळ्या तिथनंच लोंबतात. तबकडी त्या झाकणावर, सपाट, मांडी घालून. नियमबाईंनी पुस्तक उघडलं. "डोक्यावर बसलेली धरत नाहीत. खाली जाऊन, उचलून, स्वतःच्या हातानं टोपलीत टाकायची. आणखी एक फेक मोजायची."

मी सुळक्यावरनं ओरडलो, "अगंऽ! नुसती एक टिचकी मार तिला!"

"मी पंच आहेऽऽ!"

हात लांब केला असता तर पोचला असता हो तिचा! सुईनंसुद्धा ढकलता आली असती! पण नाही. खुर्चीतली पंच स्वेटरची बाही विणत बसली आणि एकाहत्तर वर्षांचा माणूस डोंगर उतरायला लागला. जावई म्हणाला, "बाबा, मागच्या रस्त्यानं जीप येते, फोन करू का?" मी म्हटलं, "स्वतःच्या पायांनी ठरलंय." "मग सॅक तरी द्या." "अजिबात नाही!" त्याला वाटलं केवढी जिद्द! जिद्द होतीच, पण त्यात पाच गोटेही होते.

मध्ये उतार फार आला तेव्हा मी बसलो आणि बसल्या बसल्या घसरलो थोडा. नियमबाईंनी पानं उलटली, "बसून घसरण्याबद्दल यात काही लिहिलेलं नाही." पण खालनं आवाज आला, "पायांनीऽऽ!" उठलो. परत वर गेलो, जिथनं घसरलो होतो तिथपर्यंत, आणि पायांनी उतरलो. पाऊण तास लागला. टोपलीशी पोचलो, तबकडी उचलली, हिच्या डोळ्यांत बघितलं आणि सोडली.

छन्न.

हिनं लोकर बाजूला ठेवली. पर्स उघडली, चावी काढली, माझ्या तळहातावर ठेवली, आणि थर्मासमधला चहा माझ्या हातात देताना हळूच म्हणाली, "तेरावीला बसाल असं वाटलं होतं." म्हणजे तिनं तिसरीवरनं तेरावीपर्यंत भरवसा वाढवला होता! एवढं कौतुक तिनं लग्नातसुद्धा केलं नव्हतं.

इथं गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण घाईत जावयाची सॅक माझ्याबरोबरच घरी आली. दुसऱ्या दिवशी मी खाटेवर, दोन्ही गुडघे कलिंगडाएवढे, उशाशी चावी. आणि ही रेनकोट धुवायला काढायला गेली. टक्, टक्, टक्... फरशीवर एकेक गोटा मांडला तिनं.

सात!

अहो, मी पाच घातले होते! शपथेवर सांगतो, पाच! तेवढ्यात जावयाचा फोन. "बाबा, पाठ कशी आहे? दोन मी चौथ्या टोपलीपाशी घातले होते, आधीचे पाच कमी वाटले म्हणून." आणि हसला. डोळ्यांचा डॉक्टर! नाडी बांधता बांधता सगळं बघत होता!

मी काही म्हणणार, तोवर ही खाटेपाशी आली. सातही गोटे माझ्या पेपरच्या झोळीत भरले, झोळी माझ्या गळ्यात अडकवली.

"नियमबाई काय म्हणाल्या होत्या? दगड जिथला तिथं."

"अगं, पण पाच गोटे ओढ्याकाठी न्यायचे! दोन गोटे तर चौथीपाशी ठेवायचे! आणि माझे गुडघे..."

"बरे झाले की जा. घाई नाही," ती म्हणाली. "आता चावी आहेच की तुमच्याकडे."

तर तुम्हाला सांगतो, येत्या रविवारी निघालोय. स्कूटरवर, ताठ मानेनं, गळ्यात सात गोटे. स्वतःच आणायचं आणि स्वतःच टाकायला जायचं!