पाच रांगा पुढे

जपानमध्ये कुणी सीट बदलून देत नाही म्हणता? साफ खोटं. मला दिली होती.

नेहाचे बाबा पुण्यात वारले तेव्हा आम्ही नागोयात होतो. विमान टोकियोहून होतं, त्यात सुट्ट्यांची गर्दी. बुलेट ट्रेनमध्ये रिझर्वेशन मिळालं, पण ती पाच रांगा पुढे आणि मी मागे. गाडी सुटल्यावर मी तिच्या शेजारच्या आजोबांना मोडक्या जपानीत विनवलं, "बायकोचे वडील वारलेत. जागा बदलता का?" ते लगेच उठले, कमरेत वाकले, बॅग काढायला लागले.

नेहा म्हणाली, "नको. त्यांना इथेच बसू दे."

"अगं, एकटी कशी बसशील?"

"तू शेजारी आलास की 'रडू नकोस' म्हणशील."

सकाळपासून मी दुसरं काहीच म्हटलं नव्हतं.