मालकाचं दुखणं

खुपल्यावानी न्हाई, डाक्टरसाब. आवळल्यावानी. हितं मधी, छातीवर कुणी गुडघा दिऊन बसलंय असं – आन् मंग डाव्या हातात उतरतं, करंगळीपस्तोर. जबडा बी धरतो. लिव्हा की, थांबलाव कामून? आमचे मालक, पोरांचे बाप, गेलेत लोहाराकडं कोयत्याला धार लावायला, परवा उसाच्या फडावर निघायचंय – ते येईस्तोर तुमाला उगं बसवून ठिवू का? चाळिशीच्या म्होरल्या गड्यांचं इचारायलो म्हणलाव, बायांचं ह्या कागदात न्हाई म्हणलाव, मंग मालकाचं मला न्हाई ठावं तर कुणाला? नाव तेवढं मी घेणार न्हाई. तुमच्या यादीत हाय – हां, आत्ता वाचलं तेच.

कवा होतं? मोळी डोक्यावर घिऊन फळीवरनं ट्रकात चढायचं आसतं ना, तवा. उलीसं बसलं की जातं. पर बसू कोण देतंय, मागं रांग आसती. दोन साल झाले, अगूदर मोळीला यायचं, आता घागरीला बी यायलंय. गार घाम फुटतो, समदं लुगडं – कपडे भिजतेत, समदे कपडे. तंबाखू? हाय की. सकाळी मिस्री, मंग दिसभर दाढंत तंबाखू, फडावर भूक मारायला दुसरं काय आसतं? बिडी न्हाई. न्हाई, थांबा – बिडी बी वडतेत, चुकलं माझं. मीठ? भाकरीवर मीठ-मिरचीच की. तूप-लोणी लिव्हलंय तुमच्या कागदात, ते आमच्या चुलीला ठावं न्हाई, तरी ही तकलीफ व्हावी कशी – पैशेवाल्याचं दुखणं म्हणतेत ना हे? घरात कुणी असं गेलं का? आई गेली की. पन्नाशी बी गाठली न्हाई. नामांतराच्या दंगलीत यष्ट्या बंद होत्या, चारठाण्यातनं जिंतूरला बैलगाडीत घिऊन निघालो तर वाटंतच – हात असाच छातीवर धरला होता, माझ्या मांडीवर डोस्कं होतं तिचं. आठ-नऊ साल झाले, तरी वाटतंय मला… आत कोण खोकलं? सासू हाय माझी. हां, मालकाची माय. जित्ती हाय.

तसं बगू नका माझ्याकडं. चुलतीनं पाळलं त्यांना, ती गेली म्हणायले मी. लिव्हा तसंच.

परभनीला आणा म्हणता, छातीची पट्टी काढायला. आन् वजन उचलायचं न्हाई? मंग फडावर काय हात हालवत हिंडायचं? आमच्यात कोयता मंजी जोडी, डाक्टरसाब, नवरा-बायकोची. गडी तोडतो, बाई बांधती, दोघं वाहतेत. एकट्याला मुकादम ट्रकात बसवत न्हाई. वच्छलाच्या छातीत डाग निघाला गेल्या साली, ही शेजारची वच्छला, तिला परभनीला नेलं – लिंबाजीनं पंधरा दिसात दुसरी आणली. कोयता मोडू ने म्हून. आता वच्छला दोघांच्या भाकरी थापती आन् गोठ्यात निजती. आमचे मालक वाईट न्हाईत हां, कवा हात उगारला न्हाई. पर ते ऐकून काय म्हणले ठावं हाय? जेवता जेवता, माझ्या हातची भाकर मोडत म्हणले, "दुसरं काय करील बिचारा." रागानं न्हाई म्हणले. खरंच वाटलं म्हून म्हणले. तवापसून मला लय भ्या वाटतं. आता दुखणं त्यांचं आन् मी कामून भ्यावं – जाऊंद्या, कायबी बोलते मी.

गोळी हाय का तुमच्यापाशी? जिभेखाली ठिवायची, गिळायची न्हाई. बरं. सांगते त्यांना. एक इचारू का, साब – चुकून बाईनं ठिवली, तर तिला लागू पडती का?

पेन कामून मिटवला? माझ्या दंडाला कशाला पट्टा बांधायलाव, मला काय झालंय, मी धडधाकट हाय. बरं बांधा, कसा आसतो तेवढं बगते. लय आवळायलाय. काय निघालं? बोला की. परत कामून हवा भरायलाव? दोनदा झालं, तिसऱ्यांदा कशाला? तोंड कामून उतरलं तुमचं? लेकराएवढे तुमी माझ्या, असं बगू नका बाबा.

थांबा. मालक आले. त्या लिंबापाशी हायेत बगा, खांद्यावर दोनी कोयते. माझ्या बी कोयत्याला धार लावून आणली त्यांनी, मी म्हणलं बी नव्हतं. त्यांच्यासंगं काई बोलू नका. गोळ्या टाका पदरात, बिगीनं. आन् ते मघाचं समदं खोडा, खोटं होतं ते – ह्या घरात कुणालाच काई न्हाई, असं लिव्हा. चहा ऱ्हाऊ द्या, निघा आता. पट्टा सोडा माझा, डाक्टर. सोडा म्हणले ना.