कोरडी खोली

भगवंतराव : खोली नाही देणार, डॉक्टरअक्का. एकदा सांगितलं. पुन्हा पुन्हा का विचारता?

शमिका : दुसरी जागाच नाही म्हणून, काका. तळ्याचा बांध फुटला आणि गल्लीचा दवाखाना वाहून गेला. पाणी न शिरलेली तुमचीच एक खोली आहे. मी ताडपत्रीखाली पेशंट बघते. घराघरात जुलाब चालू आहेत. प्लीज.

भगवंतराव : केरे, ते तळं, फुटली तेव्हा कोण आलं? आम्हीच एकमेकांना ओढून काढलं. आणि आता, दिवाळी उलटल्यावर, यशवंतपूरच्या या कोपऱ्यात पुण्याच्या डॉक्टरीणबाई येतात. संगं मोठा बोर्ड, औषधांची पेटी. का येतात?

शमिका : माझ्या मिस्टरांची, अरविंदची, बदली इथल्या फॅक्टरीत झाली. मला घरी नुसतं बसवेना. गेलेला दवाखाना परत उभा करायचा, एवढंच आहे.

भगवंतराव : आणि तो टेप धरणारा?

शमिका : नंदकिशोर? माझे भाऊजी. इंजिनिअर आहेत. दवाखान्याचं डिझाइन तेच करतायत.

भगवंतराव : असा केवढा दवाखाना तुमचा? तो सगळी गल्ली मोजतो. नाल्यापासून मार्केटच्या भिंतीपर्यंत.

शमिका : ड्रेनेजसाठी असेल.

भगवंतराव : ड्रेनेजसाठी शेजारच्या गोजराबाईला विचारतात का, शहराच्या दुसऱ्या टोकाला, मारतहळ्ळीकडं घर दिलं तर जाशील म्हणून?

शमिका : असं कोण विचारेल?

भगवंतराव : तुमचे भाऊजी. ते बघा, आलेच. माझ्यासमोर विचारा.

शमिका : भाऊजी, इकडे या जरा. तुम्ही लोकांना मारतहळ्ळीचं काय विचारताय?

नंदकिशोर : अगं, जनरल सर्व्हे आहे. घरी बोलू.

शमिका : इथेच बोला.

नंदकिशोर : बरं. ज्या कंपनीनं आपल्याला ताडपत्री आणि औषधं दिली, तिला इथे गोडाउन बांधायचंय. लोकांना तिकडे पक्की घरं मिळतील, तुझं क्लिनिकही तिकडेच. यात वाईट काय? नाल्याच्या काठावर राहतात ही माणसं. पुढच्या पावसाळ्यात पुन्हा पाणी आलं तर?

भगवंतराव : आणि काम? माझा पोरगा रणजीत इथल्या मार्केटात हमाली करतो. पहाटे लॉरी उतरवायला तिकडून कसा येणार?

नंदकिशोर : बस असते की.

भगवंतराव : पहाटे?

शमिका : भाऊजी, मला का नाही सांगितलंत?

नंदकिशोर : सांगितलं असतं तर तू आली असतीस? मी एकटा फिरलो असतो तर कुणी बोललं नसतं माझ्याशी. तुझ्यासोबत होतो म्हणून बोलले. जरा प्रॅक्टिकल हो, शमिका.

शमिका : बोर्ड उतरवा. ताडपत्री, पेटी, सगळं जीपमध्ये घाला.

नंदकिशोर : औषधंसुद्धा? वेड लागलंय का? अरविंदला काय सांगू मी?

शमिका : त्याला मी सांगते. तुम्ही निघा.

(जीप सुरू होते. आवाज हळूहळू लांब जातो.)

भगवंतराव : छान झालं.

शमिका : काय छान झालं?

भगवंतराव : नाटक. तुम्ही दोघांनी भांडायचं, मी पाघळायचं, खोली उघडून द्यायची. आधी ठरवलेलं नाही कशावरून?

शमिका : कशावरून सांगू? तुमच्या जागी असते तर मीही हेच विचारलं असतं.

भगवंतराव : रडू नका. रडण्यानं मी फसत नाही.

शमिका : रडतेय ती माझ्या मूर्खपणावर. तुमच्यासाठी नाही.

भगवंतराव : आता औषधं कुठून आणणार?

शमिका : मल्लेश्वरमच्या मेडिकल दुकानांत जाऊन मागेन. मिळतील तेवढी आणेन आणि उद्या त्या चिंचेखाली बसेन. खोली राहू दे तुमची.

भगवंतराव : उद्या याल?

शमिका : येईन.

भगवंतराव : स्वल्प थांबा. माझी नात, सौम्या. परवापासून जुलाब होतायत. आज नुसती पडून आहे.

शमिका : अहो! आणि तुम्ही मघापासून माझ्याशी वाद घालत उभे आहात? समोरच तर होते मी!

भगवंतराव : तुम्हाला दाखवलं असतं तर उपकार झाला असता. मग खोलीला नाही कसं म्हणणार?

शमिका : कुठे आहे ती?

भगवंतराव : याच खोलीत. बाकी घर अजून ओलं आहे. या आत.

शमिका : सौम्या, ए बाळा, जीभ दाखव बरं. ओठ सुकलेत हिचे. लघवीला झाली का?

भगवंतराव : सकाळी थोडी.

शमिका : उकळून गार केलेलं पाणी आहे? मीठ आणि साखर आणा. थोडं थोडं पाजून बघू. पोटात टिकलं तर ठीक, नाहीतर लगेच रिक्षा बोलवा, हॉस्पिटलला नेऊ.

भगवंतराव : घ्या. पाणी सकाळचंच आहे, उकळलेलं.

शमिका : पी बाळा. सावकाश. हं, पितेय.

भगवंतराव : दवाखाना इथं बसला तरी किल्ली माझ्याकडंच राहील.

शमिका : राहू द्या.

भगवंतराव : आणि रोज संध्याकाळी कुलूप मी लावीन.

शमिका : सरी, चालेल. तो लहान चमचा द्या जरा, हा मोठा होतोय तिला.